जपानच्या शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक: अर्जापासून वर्गापर्यंत

जपानमधल्या सरकारी शाळांना इंग्रजीसाठी परदेशी सहायक शिक्षक लागतात आणि त्यासाठी बी.एड. असावंच लागतं असं नाही, हे जपानी शिकणाऱ्या बऱ्याच जणांच्या कानावर आलेलं असतं. पुढची माहिती मात्र तुकड्यातुकड्यांत मिळते. पगाराचा आकडा एकाकडून, व्हिसाची गोष्ट दुसऱ्याकडून, आणि वर्गात नेमकं काय करायचं हे कोणीच सांगत नाही. इथे ते सगळं, ज्या क्रमाने तुम्हाला लागेल त्या क्रमाने देतो आहे.

आधी पद समजून घ्या. या शिक्षकाला तिकडे सगळे ‘एएलटी’ (असिस्टंट लँग्वेज टीचर) म्हणतात. जपानच्या कायद्यानुसार वर्गाची जबाबदारी जपानी शिक्षक-परवाना असलेल्या माणसाची असते. एएलटीकडे तो परवाना नसतो, म्हणून वर्गात तो नेहमी जपानी शिक्षकाच्या जोडीने उभा राहतो. प्राथमिक शाळेत हा जोडीदार बहुधा वर्गशिक्षक असतो, ज्याला ‘तान्निन’ म्हणतात. माध्यमिक शाळेत तो इंग्रजीचा शिक्षक असतो. आपल्याकडे दहा वर्षं एकट्याने वर्ग सांभाळलेल्या शिक्षकालाही तिथे दुसऱ्याच्या वर्गातला दुसरा माणूस व्हावं लागतं. हे मनापासून पटत असेल तरच पुढच्या खटपटीत पडा. न पटणारी माणसं वर्षभरात कंटाळून परत येतात.

पहिलं काम: बारा वर्षांचा हिशेब

जपानी शाळेत शिकवण्यासाठी ‘क्योइकु’ म्हणजे शिक्षण या प्रकारचा निवासी दर्जा, म्हणजे तिथे राहून ते काम करण्याची परवानगी, लागतो. त्याच्या दोन अटी आपल्याला थेट लागू होतात. कोणत्याही विषयातली पदवी हवी. आणि जी परकीय भाषा शिकवायची, त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं हवं. मराठी माध्यमातून आलेल्यांची गाडी इथेच अडते.

पहिलीपासून बारावीपर्यंत इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांची १२ वर्षं तिथेच भरतात. चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून इंग्रजी असेल, तर बारावीपर्यंत ८ वर्षं होतात. तीन वर्षांची पदवी धरून ११, चार वर्षांची धरून १२. म्हणजे बी.ए. झालेल्याला एक वर्ष कमी पडतं आणि एम.ए. केलेल्याचं काम होतं. दहावीपर्यंत पूर्ण मराठी माध्यम असेल, तर पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण मिळूनही गणित जुळत नाही. सेमी-इंग्रजीत गणित आणि विज्ञान तेवढं इंग्रजीत असतं, त्यामुळे त्या वर्षांवर भिस्त ठेवू नका. बोलणं कितीही सफाईदार असलं तरी इमिग्रेशनच्या टेबलावर कागदच बोलतो.

ज्यांचा हिशेब जुळत नाही त्यांच्यासाठी खासगी इंग्रजी संभाषण वर्गांचा मार्ग उरतो. त्या वर्गांना ‘एइकाइवा’ म्हणतात. त्यांचा निवासी दर्जा वेगळा असतो आणि तिथे पदवीधरांसाठी ही बारा वर्षांची अट त्याच शब्दांत लिहिलेली नाही. मात्र बरेच वर्ग स्वतःहून तशी अपेक्षा ठेवतात, म्हणून अर्जाआधी विचारून घ्या.

हिशेब जुळला की शाळा आणि कॉलेज दोन्हीकडून ‘शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं’ असा दाखला घ्या. तो लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह हवा आणि त्यात कोणत्या इयत्तेपासून कोणत्या इयत्तेपर्यंत, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत हे स्पष्ट लिहिलेलं हवं. जुन्या शाळेतून असा कागद मिळायला वेळ लागतो. मे महिन्यात कार्यालय अर्धं रिकामं असतं, म्हणून सगळ्यात आधी हेच काम सुरू करा.

याच वेळी नावाचं बघा. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा असतो, कधी मधलं नाव गाळलेलं असतं, आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर आणखी एक तफावत पडते. आपल्याला हे रोजचं आहे. जपानी कार्यालयातल्या माणसाला मात्र ही दोन वेगळी माणसं वाटू शकतात. विवाहाचा दाखला, नावबदलाचं राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र, जे लागू असेल ते इंग्रजीत तयार ठेवा आणि पुढच्या प्रत्येक अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा.

नोकरी देतं कोण?

पगार, सुट्ट्या, विमा, घर, पुढच्या वर्षीची खात्री, सगळं यावर ठरतं. इथे तीन वाटा आहेत.

पहिली वाट जेट प्रोग्रामची, म्हणजे परदेशी तरुणांना जपानी शाळा-कार्यालयांत नेणाऱ्या सरकारी कार्यक्रमाची. १९८७ साली ४ देशांमधल्या ८४८ जणांना घेऊन जपान सरकारने हा कार्यक्रम सुरू केला. अर्ज दूतावासामार्फत होतो, त्याला शुल्क नसतं, विमानाचं तिकीट मिळतं आणि करार वर्षावर्षाने वाढत जास्तीत जास्त ५ वर्षं चालतो. बरीच वर्षं पहिल्या वर्षाचा पगार ३३ लाख ६० हजार येन होता. २०२५ पासून तो ४० लाखांच्या थोडा वर गेला आहे. नवख्या शिक्षकासाठी हा मार्ग सगळ्यात चांगला आहे. पण भारतातून जाणाऱ्यांची संख्या फार थोडी असते आणि त्यात शिक्षकाऐवजी आंतरराष्ट्रीय समन्वयकाचं पद असण्याची शक्यता मोठी असते, ज्याला भक्कम जपानी लागतं. म्हणून दिल्लीतल्या दूतावासाची त्या वर्षाची सूचना आली की कोणती पदं काढली आहेत हे आधी वाचा. अर्ज साधारण शरद ऋतूत, मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास आणि प्रयाण जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये, असं हे चक्र असतं.

दुसरी वाट शिक्षक पुरवणाऱ्या खासगी कंपन्यांची. इंटरॅक, अल्टिया सेंट्रल, बॉर्डरलिंक, हार्ट कॉर्पोरेशन ही त्यातली परिचित नावं. शहराचं किंवा गावाचं शिक्षण मंडळ निविदा काढतं, कंपनी ती जिंकते आणि तिथे शिक्षक पाठवते. पगार साधारण महिना २ लाख ते अडीच लाख येनच्या दरम्यान. भारतातून जाणाऱ्या बहुतेकांसाठी प्रत्यक्षात उघडा असणारा दरवाजा हाच. जपानी शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणून मोठी भरती एप्रिलसाठी होते आणि थोडी उन्हाळी सुट्टीनंतरच्या सत्रासाठी.

तिसरी वाट थेट शिक्षण मंडळाची नोकरी. ही बहुतेक वेळा जपानमध्ये आधीच राहणाऱ्यांना मिळते, कारण जाहिरात जपानीत असते आणि मुलाखत समोरासमोर. आज ती तुमच्या हातात नाही, पण दोन-तीन वर्षांनी असेल, म्हणून ध्यानात ठेवा.

या तिन्ही वाटांवर मध्यस्थाला पैसे द्यायची गरज नाही. तुमच्या निवासी दर्जाचा कागद जपानमधला मालकच काढतो. ‘अमुक लाख भरा, शिक्षकाची नोकरी आणि व्हिसा देतो’ असं कोणी म्हणत असेल तर तिथून उठा.

करार वाचताना

कंपनीचा करार हातात आला की महिन्याच्या पगाराचा आकडा बाजूला ठेवा आणि वर्षाचा एकूण आकडा शोधा. ऑगस्ट, डिसेंबर आणि मार्चमध्ये शाळेला सुट्टी असते, आणि काही करारांत त्या महिन्यांचा पगार कामाच्या दिवसांप्रमाणे कापला जातो. दरमहा २ लाख ३० हजार लिहिलेला करार आणि दरमहा २ लाख १५ हजार पण बाराही महिने पूर्ण देणारा करार यांत दुसरा बरा निघू शकतो. कागद घेऊन बेरीज करा.

मग आरोग्य विमा आणि पेन्शन. ऑक्टोबर २०२४ पासून ५१ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीत आठवड्याला २० तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, पगाराची किमान अट भरत असेल तर, मालकाच्या सामाजिक विम्यात घ्यावंच लागतं. या विम्याचा निम्मा हप्ता मालक भरतो. एखादी कंपनी ‘तुमचं तुम्ही नगरपालिकेचा विमा काढा’ म्हणत असेल तर कारण विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

कराराचा प्रकारही वर्गातल्या कामावर परिणाम करतो. ‘हाकेन’ म्हणजे कंपनीने शाळेच्या हाताखाली माणूस पाठवणं; या प्रकारात शाळेतला शिक्षक तुम्हाला थेट काम सांगू शकतो. ‘ग्योमु इताकु’ म्हणजे कामाचं कंत्राट असेल तर सूचना कंपनीकडून यायला हव्यात, शाळेने थेट हुकूम देणं नियमात बसत नाही. त्यामुळे अशा शाळेत शिक्षक तुमच्याशी धड्याची आखणी करायला कचरतात आणि नव्या माणसाला वाटतं की आपण नकोसे आहोत. तसं नसतं. कराराने त्यांचे हात बांधलेले असतात. मला विचाराल तर, दोन्ही प्रकार समोर असतील आणि पगारात थोडाच फरक असेल, तर हाकेन घ्या. शिकायला जास्त मिळतं.

शेवटचा मुद्दा अनिश्चिततेचा. निविदा पुन्हा निघाली आणि दुसऱ्या कंपनीने कमी दर भरला तर मार्चअखेर तुमची शाळा जाते. तुमच्या कामाचा त्याच्याशी काही संबंध नसतो. नवी जागा मिळते, पण ती दुसऱ्या गावात असू शकते. म्हणून पहिल्या वर्षी जड सामान, मोठं फर्निचर घेऊ नका.

मुलाखत

स्वतःची ओळख करून देणारा छोटा व्हिडिओ आणि पाच-सात मिनिटांचा नमुना पाठ, या दोन गोष्टी बहुतेक ठिकाणी मागतात. नमुना पाठात समोरचे अधिकारी मुलं बनतात. आपल्याकडून गेलेल्या उमेदवारांना व्याकरण समजावून सांगायची सवय असते, आणि इथे ती आड येते. समोरच्या ‘मुलांना’ इंग्रजी येत नाही असं धरून चालायचं. दहा शब्द बोला, पण हावभाव, चित्र आणि आवाजाच्या चढउतारांनी ते पोहोचवा. एक वाक्य निवडा, स्वतः करून दाखवा, सगळ्यांकडून म्हणून घ्या, मग जोडीत बोलायला लावा. एवढंच पुरे.

उच्चारांवर आधीच काम करा. मराठीत व एकच आहे, त्यामुळे ‘नोव्हेंबर’ आणि ‘वेन्सडे’ मधले दोन वेगळे ध्वनी आपण नकळत एकसारखे काढतो. पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्याला ओठांचा चंबू होतो. ‘थर्ड’ मधला थ आपण मराठीसारखा जीभ दाताला आपटून काढतो, इंग्रजीत तिथे हवा सरकत राहते. जपानी मुलांनाही नेमके हेच ध्वनी अवघड जातात, म्हणजे तुम्ही घेतलेली मेहनत पुढे त्यांच्या कामाला येते. तुम्ही अमेरिकन किंवा ब्रिटिश असल्याचा आव आणायची मात्र काही गरज नाही. स्पष्ट, संथ आणि सातत्याचा उच्चार हवा. पाठ्यपुस्तकांतली स्पेलिंग अमेरिकन वळणाची असतात, तेवढी डोळ्याखालून घाला.

जपानी येणं ही अट नसते. तरी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची (पाचवी पातळी सोपी, पहिली सर्वांत अवघड) चौथी पातळी झालेली असेल तर रोजचं आयुष्य सोपं होतं आणि तिसरी असेल तर शिक्षक-कक्षात बसल्यावर आजूबाजूचं बोलणं समजायला लागतं. ही परीक्षा पुण्यातही देता येते.

व्हिसा आणि बॅग

निवड झाली की मालक जपानच्या इमिग्रेशनकडे ‘निवासपात्रतेच्या प्रमाणपत्रा’साठी अर्ज करतो. त्याला साधारण एक ते तीन महिने लागतात. प्रमाणपत्र मिळालं की तीन महिन्यांत जपानमध्ये दाखल व्हावं लागतं. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या लोकांचा व्हिसा मुंबईच्या महावाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतो आणि अर्ज व्हीएफएस या व्हिसा-अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीमार्फत जातो. पोलिस क्लिअरन्स मागितला तर तो पासपोर्ट सेवेकडून मिळतो.

कंपनीने ‘गाडी चालवावी लागेल’ असं कळवलं असेल, आणि खेड्यातल्या जागांसाठी ते बहुधा असतंच, तर निघण्याआधी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो जपानमध्ये उतरल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. पुढे भारतीय परवाना जपानी परवान्यात बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी परवाना मिळाल्यावर भारतात किमान तीन महिने राहिल्याचा पुरावा लागतो, म्हणून जुना पासपोर्टही बरोबर न्या. ऑक्टोबर २०२५ पासून या बदलाची लेखी परीक्षा कडक झाली आहे: ५० प्रश्न, ९० टक्के गुण. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून असते, एवढा दिलासा.

पैसे किती न्यावेत? पहिला पगार पुढच्या महिन्याच्या अखेरीस येतो असं धरा. घराची अनामत, परत न मिळणारी ‘रेइकिन’, हमी कंपनीचं शुल्क, गादी, शेगडी हे सगळं त्याआधी येतं. किमान ३ ते ४ लाख येन जवळ हवेत. कंपनी घर शोधून देत असेल तर थोडं कमी चालतं.

बॅगेत दोन औपचारिक पोशाख ठेवा, त्यातला एक काळा किंवा गडद सूट; एप्रिलचा प्रवेश समारंभ आणि मार्चचा पदवीदान यांना तो लागतोच. शाळेत घालायला वेगळे स्वच्छ बूट हवेत, कारण बाहेरची पादत्राणं दारातच काढून ठेवायची असतात. बायकांनी चमकी, मोठी कानातली याबद्दल आधीच शिक्षण मंडळाला किंवा कंपनीला विचारून घ्यावं. मुलांना दागिन्यांची मनाई असते आणि काही ठिकाणी शिक्षकांकडूनही तीच अपेक्षा असते. ‘ही आमची परंपरा आहे’ हे आधी शांतपणे सांगितलं तर बरेचदा मान्य होतं, पहिल्या दिवशी दारात विषय निघाला तर अवघड होतं.

पहिले पंधरा दिवस

मोठ्या विमानतळांवर उतरताच निवासी कार्ड हातात मिळतं. घरी राहायला गेल्यापासून १४ दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा. ही नोंद झाल्याशिवाय बँक, फोन, विमा काहीच पुढे सरकत नाही. खातं उघडताना नाव ज्या लिपीत आणि ज्या क्रमाने नोंदवलं तेच सगळीकडे ठेवा. कातकाना लिपीतलं आपल्या नावाचं रूप पहिल्याच दिवशी ठरवून एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. कुलकर्णी, देशपांडे, क्षीरसागर ही नावं तीन कार्यालयांत तीन तऱ्हांनी लिहिली गेली की वर्षभर निस्तरत बसावं लागतं.

शिक्षक-कक्ष

जपानी शाळेचं काम ‘शोकुइनशित्सु’ या एका मोठ्या खोलीतून चालतं. सगळ्या शिक्षकांची टेबलं तिथे, उपमुख्याध्यापक म्हणजे ‘क्योतो-सेनसेई’ पुढे बसलेले. तुमची सुट्टी, उशीर, वेळापत्रक, जेवण सगळं त्यांच्याकडून जातं. पहिल्या दिवशी त्यांच्याजवळ जाऊन नीट ओळख करून द्या. आत येताना मोठ्याने ‘ओहायो गोझाइमास’ आणि निघताना ‘ओसाकी नि शित्सुरेइ शिमास’ हे न चुकता म्हणायचं. न बोलता निघून जाणारा माणूस तिथे उद्धट ठरतो, मग तो कितीही चांगला शिकवू दे.

दोन-तीन शाळा वाट्याला आलेल्या शिक्षकाला प्रत्येक ठिकाणी दुपारचे दोन-तीन तास मोकळे मिळतात. फोन बघत बसू नका. साफसफाईच्या वेळी मुलांबरोबर फडकं हातात घ्या, मधल्या सुट्टीत मैदानावर जा. वर्गात तोंड न उघडणारी मुलं झोपाळ्याशेजारी इंग्रजी बोलतात, हे मी वारंवार पाहिलं आहे.

मुलांचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये घेऊ नका, कुठे टाकू तर अजिबात नका. मुलांशी ‘लाइन’ या मेसेजिंग ॲपवर किंवा इतर कुठे खासगी संपर्क नको. शिस्त लावणं जपानी शिक्षकाचं काम आहे. वर्ग बिघडला तर त्यांच्याकडे बघा, आवाज चढवू नका.

वर्ग

२०२० पासून जपानमध्ये तिसरी-चौथीला इंग्रजीची ओळख म्हणून वर्षाला ३५ तास आणि पाचवी-सहावीला पूर्ण विषय म्हणून ७० तास आहेत. म्हणजे आठवड्याला एक आणि दोन. पाचवी-सहावीला पाठ्यपुस्तक, लेखन आणि गुण आहेत. प्राथमिकचा तास ४५ मिनिटांचा, माध्यमिकचा ५०. माध्यमिकला वर्षाला १४० तास असतात आणि परीक्षेचं दडपण मोठं. तिथे तुमच्याकडून संवादवाचन, लेखन तपासणं आणि ‘एइकेन’ या इंग्रजी परीक्षेच्या तोंडी फेरीची तयारी मागितली जाते. ती फेरी तिसऱ्या श्रेणीपासून असते.

नव्या माणसाने प्राथमिकचा तास आधी समजून घ्यावा. पाचवीचा एक नेहमीचा तास घेऊ: ‘व्हेन इज युअर बर्थडे?’

तासाच्या आधी, शक्य तर सकाळीच, वर्गशिक्षकांकडे पाच मिनिटं मागा. तीन गोष्टी विचारायच्या: आज पुस्तकाचं कोणतं पान, मुलं कुठे अडताहेत, आणि कोणता भाग मी घेऊ. वर्गशिक्षकांना इंग्रजीची धास्ती असते, कारण त्यातल्या अनेकांनी हा विषय शिकवायचा म्हणून शिक्षकी पेशा घेतलेला नसतो. तुमचा पहिला विद्यार्थी तोच समजा आणि त्याला वर्गासमोर कधीही दुरुस्त करू नका. त्याने चुकीचं म्हटलं तर थोड्या वेळाने तेच वाक्य बरोबर म्हणून पुढे चला. त्याच्या लक्षात येतं आणि त्याचा मानही राहतो.

तास सुरू झाला की अभिवादन, तारीख, हवा. मग तुम्ही आणि वर्गशिक्षक मुलांसमोर एकमेकांना वाढदिवस विचारता. मोठा माणूस अडखळत का होईना इंग्रजी बोलतो आहे, हे बघून मुलांची भीड चेपते. त्यानंतर फळ्यावर आजचं उद्दिष्ट लिहिलं जातं, त्याला ‘मेआते’ म्हणतात. ते जपानीत असतं: आज आपण मित्रांचे वाढदिवस विचारू. मुलं ते वहीत उतरवतात. इथे घाई करू नका, तो त्यांच्या शिक्षणपद्धतीचा कणा आहे.

मग महिन्यांची नावं, ठेक्यावर. पुढे तारखा. ‘फर्स्ट, सेकंड, थर्ड’ला वर्गाचा आवाज खाली जातो. तिथे थांबा, जीभ दातांत आणून दाखवा, सगळ्यांकडून हवा सोडून घ्या. मुलं हसतात, पण करतात. एकेकाला उभं करून म्हणायला लावू नका. सगळा वर्ग, मग एक रांग, मग जोडी, असा उतरता क्रम ठेवा. चारचौघांत चुकणं या मुलांना फार लागतं आणि एकदा गप्प झालेलं मूल पुन्हा बोलतं करायला महिने जातात.

आता आठ-दहा मिनिटांची हालचाल. कागद घेऊन वर्गभर फिरायचं, विचारायचं, आपल्याच महिन्यातला जोडीदार शोधायचा. मध्यावर वर्गशिक्षक सगळ्यांना थांबवतात. दोन चांगल्या जोड्यांना पुढे बोलावतात, एक अडणारं वाक्य सगळ्यांनी मिळून सुधारायचं आणि मग पुन्हा फिरायचं. याला ‘चुकान शिदो’, म्हणजे मधलं मार्गदर्शन म्हणतात. उरलेला निम्मा वेळ आधीपेक्षा कितीतरी चांगला जातो. आपल्याकडच्या इंग्रजीच्या तासालाही हे उचलण्यासारखं आहे. नंतर चार रेघांवर एक वाक्य लिहायचं आणि शेवटी ‘फुरिकाएरी’: आज काय जमलं, काय नाही, हे मुलं दोन ओळींत लिहितात. त्या कागदांवर नजर टाकायची परवानगी मागा. पुढचा तास कसा घ्यायचा ते त्यातच सापडतं.

वह्या तपासताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बरोबर उत्तराला तिथे लाल गोल करतात. आपली बरोबरची खूण जपानी मुलासाठी चूक दाखवते. सगळं बरोबर लिहिलेल्या मुलाच्या पानभर आपण प्रेमाने बरोबरच्या खुणा केल्या तर त्याचा चेहरा उतरतो. विशेष कौतुक करायचं तर गोलाभोवती पाकळ्या काढून फूल करतात, त्याला ‘हानामारु’ म्हणतात. फळ्यावर पांढरा आणि पिवळा खडू वापरा, कारण हिरव्या फळ्यावरचा लाल रंग काही मुलांना दिसत नाही. अक्षर सुटं काढा, आपलं वळणदार जोडअक्षर मुलांना वाचता येत नाही. लाल शाईने कोणाचंही नाव लिहू नका.

पहिल्याच आठवड्यात ओळखीचा पाठ घ्यावा लागेल, प्रत्येक वर्गात, तोच. भाषण देऊ नका. पाच-सहा मोठी चित्रं आणि कोडी न्या: ही किंमत किती येनची असेल, या फळाचं नाव काय, या फोटोतला मी कोणता. ताजमहाल त्यांनी पाहिलेला असतो. तुमच्या गावची एसटी, शाळेतली सकाळची प्रार्थना, दिवाळीत बांधलेला मातीचा किल्ला, हे त्यांनी कधीच पाहिलेलं नसतं आणि प्रश्न त्यावरच येतात.

जेवण

प्राथमिक शाळेत दुपारचं जेवण, ‘क्युशोकु’, बहुधा मुलांबरोबर वर्गातच असतं. एका जेवणाचे साधारण अडीचशे-तीनशे येन पडतात. शाकाहारी माणसाला हे अवघड जातं. भाजीचं सूप दिसलं तरी त्यातला ‘दाशी’ म्हणजे मूळ रस सुकवलेल्या माशाचा असतो आणि भाजीत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात. एप्रिलच्या पहिल्या दिवसांतच उपमुख्याध्यापकांना सांगा की मी डबा आणेन. महिन्याच्या जेवणाचा तक्ता आधी छापला जातो, त्यामुळे मधूनच सांगितलं तर अडचण होते. डबा आणलात तरी बसा मुलांबरोबरच. ताटात काय आहे, चपाती कशी करतात, यावर रोज गप्पा होतात आणि इंग्रजीचा सर्वांत नैसर्गिक तास तोच. डाळी, पीठ, मसाले भारतीय आणि नेपाळी दुकानांतून घरपोच मागवता येतात, अगदी खेड्यातही.

पैसा आणि पुढचं पाऊल

२ लाख ३० हजार येन पगारातून विमा, पेन्शन आणि आयकर जाऊन हातात सुमारे १ लाख ९० हजार येतात. भाडं ५० हजारांच्या आसपास, वीज-पाणी-गॅस १२ ते १५ हजार, जेवण ३० ते ३५ हजार, गाडी भाड्याने घ्यावी लागली तर आणखी ३० हजार किंवा जास्त. एकट्या माणसाचं बरं चालतं. कुटुंब घेऊन गेलात तर या पगारात ओढाताण होते, हे स्पष्टच सांगतो. दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून रहिवासी कर लागतो, तो आधीच्या वर्षीच्या उत्पन्नावर असतो. त्यासाठी महिना आठ-दहा हजार बाजूला ठेवा.

पहिलं वर्ष निभलं की दुसऱ्या वर्षीच ठरवा की पुढे काय. या पदावर पगार फारसा वाढत नाही. टिकून राहायचं असेल तर जपानीची दुसरी पातळी गाठून थेट शिक्षण मंडळाच्या नोकरीसाठी प्रयत्न करा, किंवा इंग्रजी अध्यापनाची पदव्युत्तर पदवी घेऊन विद्यापीठांकडे वळा. भारतीय बी.एड. असेल तर टोकियो-योकोहामातल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळाही आहेत. जपानच्या सरकारी शाळेत आपल्या माणसाला वर जाता येतं का, याचं उत्तरही आता मिळालं आहे: महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली टोकियोच्या एदोगावा प्रभागात नगरसेवक म्हणून निवडून आले आणि नंतर इबाराकी प्रांतातल्या सरकारी त्सुचिउरा फर्स्ट हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. त्यांची वाट सहायक शिक्षकाची नव्हती, पण दार उघडं आहे हे त्यावरून दिसतं.

परत यायचं ठरलं तर पेन्शनचे पैसे सोडू नका. किमान सहा महिने हप्ते भरले असतील तर जपान सोडल्यावर दोन वर्षांच्या आत एकरकमी परताव्याचा अर्ज करता येतो. जास्तीत जास्त ५ वर्षांच्या हप्त्यांचा हिशेब त्यात धरतात. भारत आणि जपान यांच्यात ऑक्टोबर २०१६ पासून सामाजिक सुरक्षा करार लागू आहे, त्यामुळे दोन्ही देशांतली वर्षं पेन्शनसाठी जोडता येतात. परतावा उचलला की ती वर्षं मोजणीतून जातात, म्हणून भारतात भविष्य निर्वाह निधीची नोकरी असणाऱ्यांनी आधी हिशेब करावा. नोकरदारांच्या पेन्शनच्या परताव्यातून २०.४२ टक्के कर कापला जातो. तो परत मिळवण्यासाठी जपानमध्ये राहणाऱ्या एखाद्या विश्वासू माणसाला करप्रतिनिधी नेमावं लागतं. तो फॉर्म विमानात बसण्याआधी स्थानिक कर कार्यालयात भरून द्या, कारण परत आल्यावर तेच काम पोस्टाने करायला फार वेळ जातो.